व्यायामानंतर अनावर झोप येते: वयाची खूण, चुकलेला व्यायाम की आणखी काही?

संथवाट (धागाकर्ता)

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न येथे मांडत आहे. माझे वय ६७ आहे. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे बसून काढली आणि गेल्या पाच महिन्यांपासून नियमित व्यायाम सुरू केला. आठवड्यातून चार दिवस सकाळी पाऊण तास झपझप चालतो आणि दोन दिवस प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वजने उचलतो. व्यायाम करताना छातीत दुखत नाही, चक्कर येत नाही, उलट तो संपल्यावर अर्धा तास फार प्रसन्न वाटते. अडचण त्यानंतर सुरू होते. गरम पाण्याने अंघोळ केली, न्याहारी झाली आणि वर्तमानपत्र हातात घेतले की अक्षरे एकमेकांत मिसळू लागतात, मान खाली जाते आणि लागलेला डोळा थेट दीड तासाने उघडतो. वजनांच्या दिवशी तर हे हमखास घडते. इतके झोपून उठल्यावर निदान ताजेतवाने वाटावे, तर तेही नाही. डोके जड असते, तोंड कोरडे पडलेले असते आणि दुपारपर्यंत कशातच मन लागत नाही.

पन्नाशीत मी तासभर बॅडमिंटन खेळून थेट कामावर जात असे आणि संध्याकाळपर्यंत जांभईसुद्धा येत नसे. त्यामुळे ही सकाळची झोप मला काहीशी अपमानास्पद वाटते, हे कबूल करतो. पत्नी म्हणते की शरीर मागते आहे तर झोपावे. मुलगा म्हणतो की या वयात वजने उचलायला कोणी सांगितले होते. प्रशिक्षक म्हणतो की सवय होईल. पाच महिने झाले, सवय काही झालेली नाही.

माहितीसाठी सांगतो की सहा वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत आणि मधुमेह नाही. रात्री साडेदहाला झोपतो व पाचला उठतो. मध्ये दोनदा लघवीसाठी उठावे लागते. आपल्यापैकी कोणाचा असा अनुभव असल्यास जरूर लिहावे.

शब्दवेल्हाळ

संथवाट, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत असे मला वाटते. आपल्या भाषेत यासाठी मुबलक शब्द आहेत, पण डॉक्टरांसमोर बसलो की आपण सगळ्यांची मोट 'अशक्तपणा' या एकाच शब्दात बांधतो आणि तेथेच घोटाळा होतो. दम लागणे म्हणजे श्वास अपुरा पडणे. दमणे म्हणजे श्रमाने स्नायू भरून येणे, जे बसले की ओसरते. थकवा किंवा शीण हा बसूनही जात नाही, पण म्हणून झोप लागेलच असे नाही. माणूस थकून छताकडे पाहत पडून राहतो. पेंग येणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. तेथे अंग ठणठणीत असले तरी डोळे मिटतात. त्यापुढची ग्लानी म्हणजे उठवले तरी भान पुरते न येणे, आणि ती आली तर धागा काढत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

तुमच्या वर्णनावरून तुम्हाला थकव्यापेक्षा पेंग अधिक येते आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण थकव्याची कारणे रक्तात, हृदयात, थायरॉइडमध्ये किंवा मनात शोधावी लागतात, तर पेंगेचा शोध आधी रात्रीच्या झोपेत आणि औषधांच्या डबीत घ्यावा लागतो. पेंग मोजण्यासाठी एपवर्थ मापनपट्टी नावाची एक सोपी प्रश्नावली आहे, जी मरे जॉन्स या ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. वाचत बसणे, दूरचित्रवाणी पाहणे, वाहनात प्रवासी म्हणून बसणे अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. २४ पैकी १० हून अधिक गुण झाले, तर दिवसा येणारी झोप प्रमाणाबाहेर आहे असे मानतात. व्यायाम नसलेल्या दिवशी तुमची बेरीज किती होते, ते पाहून सांगाल का?

जुना_स्टेथो

मी निवृत्त वैद्यकीय व्यावसायिक आहे. येथे निदान करता येत नाही आणि करूही नये, परंतु धागाकर्त्यांनी सांगितलेल्या सकाळच्या क्रमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. व्यायामात स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि व्यायाम थांबला की त्या लगेच पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे पुढील काही तास रक्तदाब व्यायामापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली राहतो. ज्यांना मुळात उच्च रक्तदाब आहे त्यांच्यात ही घट अधिक ठळक असते, आणि एरवी ती हितकारकच मानली जाते. आता यावर गरम पाण्याची अंघोळ आली, जिने त्वचेतील वाहिन्याही रुंदावल्या. त्यावर न्याहारी आली, म्हणजे रक्त पचनसंस्थेकडे वळले; वार्धक्यात जेवणानंतरच्या दोन तासांत रक्तदाब उतरणे ही नेहमीची बाब आहे. या सर्वांच्या तळाशी रक्तदाबाची गोळी आहेच. दाब खाली ओढणाऱ्या चार गोष्टी एकाच तासात येऊन बसल्यावर डोळे मिटले तर नवल नाही.

तर्क करत बसण्यापेक्षा मोजून पाहावे. दंडाला बांधायच्या यंत्राने व्यायामापूर्वी, व्यायामानंतर लगेच आणि न्याहारीनंतर पेंग येऊ लागेल तेव्हा, अशी तीन वेळा नोंद घ्यावी. शेवटच्या वेळी आधी बसून आणि मग उभे राहून एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० अंकांनी उतरत असेल, तर तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. गोळ्या कोणत्या आहेत आणि कधी घेता, तेही कळवावे.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. व्यायामाच्या वेळी छातीत आवळल्यासारखे होणे, जबडा वा डावा हात भरून येणे, भोवळ येणे, ठोके अनियमित होणे किंवा नेहमीच्याच श्रमाने अचानक दम लागू लागणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकार कधी कधी छातीत न दुखता नुसत्या विलक्षण थकव्याच्या रूपाने समोर येतो.

संथवाट (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. प्रश्नावलीत माझी बेरीज ११ झाली आणि ती व्यायाम नसलेल्या दिवसाची आहे, हे पाहून मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. पत्नीने मागाहून त्यात दोन गुणांची भर घातली, कारण तिच्या मते पाहुण्यांशी बोलता बोलता मी पेंगतो, जे मला अजिबात मान्य नाही.

गोळ्या दोन आहेत. एक रक्तवाहिन्या सैल करणारी आणि दुसरी बीटा-ब्लॉकर गटातील. दोन्ही सकाळी साडेपाचला, म्हणजे व्यायामाला निघण्यापूर्वी घेतो. आणखी एक बाब महत्त्वाची आहे की नाही ठाऊक नाही, पण लिहितो. प्रशिक्षकाने मनगटावर बँड बांधायला लावला आहे आणि नाडीचे ठोके मिनिटाला १३० पर्यंत गेले पाहिजेत असे सांगितले आहे. २२० मधून वय वजा केले की १५३ उरतात आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे १३०, असा त्याचा हिशेब आहे. माझे ठोके काही केल्या ११० च्या पुढे जात नाहीत, म्हणून मी अधिक जोर लावतो. जिवाच्या आकांताने चढ चढलो तेव्हा एकदा ११४ दिसले होते.

जुना_स्टेथो

महत्त्वाची आहे, फारच महत्त्वाची आहे. बीटा-ब्लॉकर हे औषध हृदयाच्या ठोक्यांना वरून लगाम घालते. तेच त्याचे काम आहे. त्या गोळीवर असलेल्या माणसाला वयाच्या सूत्रातून काढलेला आकडा लागू होत नाही. तुमचे हृदय ११० ठोक्यांवर जेवढे श्रम करत आहे, ते गोळी न घेणाऱ्याच्या पुष्कळ वरच्या ठोक्यांइतके असू शकतात. म्हणजे गेले पाच महिने तुम्ही कुलूप लावलेल्या दाराला धडका देत आहात आणि दार उघडत नाही म्हणून आणखी लांबून धावत येत आहात. यानंतर झोप येते याचे नवल नाही. झोपेवरच भागते आहे, हे नशीब.

तसे हे सूत्र औषध न घेणाऱ्यांसाठीही ढोबळच आहे. २००१ मध्ये पुढे आलेले दुसरे सूत्र वयाच्या ०.७ पट संख्या २०८ मधून वजा करते. त्याने तुमच्या वयाला १६१ येतात, म्हणजे दोन सूत्रांतच आठ ठोक्यांचे अंतर आहे, आणि माणसामाणसांतील फरक त्याहूनही मोठा असतो.

बँड काढून ठेवा आणि बोलून पाहा. चालताना पूर्ण वाक्ये बोलता आली पण गाणे म्हणता आले नाही, तर तो श्रम मध्यम आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो तीव्र आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रममापनपट्टीही हेच काम करते. तिच्या ० ते १० च्या रूपात तुमचा व्यायाम ३ ते ५ च्या दरम्यान राहावा.

आता एक सक्त सूचना. हे वाचून कोणीही बीटा-ब्लॉकर स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती अचानक थांबवली तर ठोके व रक्तदाब उसळतात आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. वेळ बदलायची किंवा मात्रा कमी करायची, तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

पाणकोंबडी

माझे वय ७१ असून मी चाळीस वर्षे पोहते आहे. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले सगळे मान्य आहे, पण धागाकर्त्यांनी वापरलेला 'अपमानास्पद' हा शब्द मला खटकला, म्हणून लिहिते. मला दीर्घ पल्ल्याच्या पोहण्यानंतर रोज झोप येते आणि मी रोज झोपते. माझ्यासाठी तो सरावाचाच एक भाग आहे.

तुम्ही स्वतःची तुलना पन्नाशीतल्या स्वतःशी करता आहात. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण १० टक्क्यांनी उतरते; व्यायाम करणाऱ्यांत कमी वेगाने, पण उतरतेच. १० टक्क्यांनी हिशेब केला तर सदुसष्टाव्या वर्षी तिशीतल्या क्षमतेचा सुमारे एक तृतीयांश भाग गेलेला असतो. बॅडमिंटनचा तोच तास पन्नाशीत तुमच्या ताकदीच्या निम्मा असेल, तर आज तो तिच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. बाहेरून पाहणाऱ्याला खेळ तोच दिसतो, किंमत मात्र वाढलेली असते. शिवाय स्नायूंची डागडुजीही सावकाश होते. पूर्वी मला कठीण सरावानंतर एक दिवस पुरत असे. साठीनंतर दोन लागू लागले आणि आता कधी कधी तीन लागतात. ज्या दिवशी मी हे मान्य केले आणि दोन कठीण दिवसांमध्ये दोन हलके दिवस घातले, त्या दिवसापासून माझी झोप दोन तासांवरून अर्ध्या तासावर आली. वेग फारसा कमी झाला नाही.

गजर

पाणकोंबडीताईंशी अंशतः असहमत. झोपण्यात लाज नाही हे खरे, परंतु सकाळी दहा वाजता दीड तास झोपणे आणि दुपारी दोन वाजता वीस मिनिटे डुलकी घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराचे घड्याळच थोडे मंदावते, जेवण झालेले असो वा नसो. त्या वेळची डुलकी स्वाभाविक आहे. सकाळी दहा ही मात्र झोपेची वेळच नव्हे. उठून पाचच तास झालेले असताना माणूस गाढ झोपी जात असेल, तर ती बहुधा रात्रीच राहिलेली झोप असते. धागाकर्ते साडेदहा ते पाच म्हणजे साडेसहा तास अंथरुणात असतात. त्यातून दोनदा उठणे आणि पुन्हा झोप लागेपर्यंतचा वेळ वजा केला, तर हाती सहा तासांच्या आतच झोप उरते. पासष्टीनंतर ७ ते ८ तास झोप असावी, अशी शिफारस आहे. वयाबरोबर झोपेची गरज फार कमी होते हा समज चुकीचा आहे. कमी होते ती सलग व गाढ झोपण्याची क्षमता.

जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेत ते ओसरते. त्याचा साठा म्हणजेच झोपेचा दाब. कॅफिन या द्रव्याच्या जागा अडवून धरते, म्हणून आपल्याला जाग येते, मात्र साठा तेथेच राहतो. सकाळी दीड तास झोपलो की हा साठा कमी होतो, रात्री झोप पातळ होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी पेंग येते, आणि हे चक्र व्यायामाच्या माथी मारले जाते. झोपून उठल्यावर डोके जड होण्याचे कारणही यातच आहे. अर्ध्या तासापुढे गेलेली डुलकी गाढ झोपेत शिरते आणि त्यातून मधेच उठणारा माणूस बराच वेळ गुंगीत राहतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने दीर्घ पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटे विश्रांती देऊन पाहिली, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उरलेल्या उड्डाणात अधिक सावध राहिले. गजर लावून झोपावे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि माझ्या टोपणनावाचे कारणही तेच आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. तुम्ही घोरता का? तोंड कोरडे, डोके जड, रक्तदाब, दोनदा लघवी आणि दिवसा पेंग, ही यादी मी माझ्याच तपासणीच्या अर्जावर भरली होती. झोपेत श्वास अडतो तेव्हा छातीतील दाब बदलून हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो आणि हृदयातून असे संप्रेरक सुटते की मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करू लागतात. मी चार वर्षे प्रोस्टेटला दोष देत होतो. तोही असतो, पण एकटा तोच असतो असे नाही.

मधली_पिढी

मी तिशीतील असून आईच्या वतीने विचारते आहे. आई ७४ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला विषाणूजन्य ताप येऊन गेला आणि तेव्हापासून तिचे चक्र विचित्र झाले आहे. ती ज्या दिवशी वीस मिनिटे चालते त्या दिवशी अगदी बरी असते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र अंग मोडून येते, बोलताना शब्द सापडत नाहीत आणि दोन-दोन दिवस अंथरूण सुटत नाही. भरपूर झोपूनही ताजेपणा येत नाही. आम्ही तिला रोज थोडे थोडे वाढवायला सांगत होतो. वरचे प्रतिसाद वाचून आमचे काही चुकते आहे का, अशी शंका आली.

स्नायूशिल्प

मधली_पिढी, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुमची शंका मला योग्य वाटते. तुमच्या आईचा प्रकार आणि धागाकर्त्यांचा प्रकार दिसायला जवळचे असले तरी जातीने निराळे असू शकतात. श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी कोसळणे, तेही क्षुल्लक श्रमाने, सोबत विचार धूसर होणे आणि झोपेने भरून न निघणे, हे दीर्घकालीन थकव्याच्या विकारात आणि दीर्घ कोविडमध्ये दिसणारे ठळक लक्षण आहे. अशा रुग्णांना 'रोज थोडे वाढवा' हा सल्ला उलटा पडू शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात या विकारासाठी ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये, असे स्पष्ट केले आहे. आईला बरे वाटते त्या दिवशीही तिने हात राखून चालावे, कोसळण्याच्या दिवसांची आणि त्याआधीच्या श्रमांची वही ठेवावी आणि ती वही घेऊन डॉक्टरांना भेटावे. तोपर्यंत तिला प्रोत्साहन देणे कृपया थांबवा. आपल्याला हे अवघड जाते, कारण प्रोत्साहन देणे म्हणजे प्रेम करणे असे आपण मानतो.

संथवाट, तुमचा व्यायाम एकूण बेरजेत मुळीच अति नाही. आठवड्याला १८० मिनिटे चालणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत, म्हणजे १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमात बसते. वजनेही सोडू नका, हे तुमच्या चिरंजीवांना आवर्जून सांगा. स्नायूंचे वस्तुमान तिशीनंतर दर दशकात ३ ते ८ टक्के घटते आणि साठीनंतर ही घट वाढते. ती रोखणारा वजनांइतका प्रभावी दुसरा उपाय आपल्याजवळ नाही. चूक तीव्रतेत आहे आणि शेवटात आहे. शेवटचा संच झाल्यावर तुम्ही काय करता? एकदम थांबून बाकावर बसत असाल, तर पायांत उतरलेले रक्त वर ढकलणारे स्नायूही त्याच क्षणी थांबतात. दहा मिनिटे संथ चालून मगच बसावे. वजने उचलताना श्वास रोखू नये. प्रत्येक संच 'आणखी दोन वेळा उचलता आले असते' अशा टप्प्यावर सोडावा.

आहाराबद्दल थोडक्यात लिहितो. म्हाताऱ्या स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांतून कमी लाभ होतो, म्हणून निरोगी वृद्धांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी विचारावे. तहानेची जाणीवही या वयात बोथट होते, त्यामुळे तहान लागली नाही म्हणजे पाणी पुरेसे झाले, असे समजू नये.

जिन्याचा_कठडा

माझा अनुभव लांबण लावत नाही, परंतु कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. मी ६९ व्या वर्षी रोज तेच अंतर, त्याच वेगाने, त्याच रस्त्याने चालत होते. वर्षभर काही वाटले नाही. मग दीड-दोन महिन्यांत असे होऊ लागले की परत आल्यावर आडवे व्हावेसे वाटे. आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग दुपारपर्यंत. मला वाटले वय झाले. ओळखीच्या सगळ्यांनाही तसेच वाटले, आणि एका दवाखान्यातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन मी परतले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावताच आवाज ऐकला आणि सोनोग्राफीत महाधमनीची झडप अरुंद झाल्याचे दिसले. झडप बदलली, आज मी चालते आणि आडवी होत नाही.

वय दोन महिन्यांत होत नसते, हे मला तेव्हा कोणी सांगायला हवे होते. व्यायाम वाढवला आणि झोप वाढली तर समजू शकते. व्यायाम तोच राहिला आणि झोप वाढत गेली, तर ती चौकशीची वेळ आहे.

जुना_स्टेथो

जिन्याचा_कठडा यांच्या शेवटच्या दोन वाक्यांत मी भर घालू इच्छित नाही. तपासण्यांबद्दल मात्र लिहितो. अशा वेळी रक्ताच्या साध्या तपासणीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि बी-१२ पाहिले जाते, आणि त्यासोबत हृदयालेख काढला जातो. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर 'या वयात एवढे चालायचेच' असे म्हणून सोडू नये. रक्त कोठून कमी होते आहे ते शोधावे लागते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ घटू शकते. मधुमेहाची काही औषधे व इन्सुलिन घेणाऱ्यांना व्यायामानंतर पेंग आली, तर आधी साखर मोजावी आणि मगच झोपावे. साखर ७० च्या खाली असताना झोपी जाणे धोक्याचे आहे. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्याही दुसऱ्या दिवशीपर्यंत गुंगी ठेवतात, आणि आपण त्या औषध म्हणून मोजतच नाही.

संथवाट (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सांगितल्याप्रमाणे नऊ दिवस नोंदी ठेवल्या. व्यायामापूर्वी साधारण १३८/८४, आणि न्याहारीनंतर पेंग येण्याच्या वेळी बसून ११२/६८ व उभे राहिल्यावर एका वजनाच्या दिवशी चक्क ९०/५८. कागद पाहून डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी रात्री घ्यायला सांगितली आणि बीटा-ब्लॉकरची मात्रा कमी केली. हिमोग्लोबिन व थायरॉइड ठीक आहेत, बी-१२ काठावर आहे. बँडवरील १३० चा आकडा मी प्रशिक्षकाला गोळीचे नाव दाखवून समजावला. त्याने प्रामाणिकपणे मान्य केले की औषधांबद्दल त्याने कधी विचारलेच नव्हते. खरे तर मीही कधी सांगितले नव्हते.

आता चालताना शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवतो, शेवटी दहा मिनिटे रमतगमत चालतो आणि अंघोळ अर्ध्या तासाने, कोमट पाण्याने करतो. चालण्याच्या दिवशी सकाळची झोप गेली. वजनांच्या दिवशी ती अजून येते, पण मी तिला दुपारपर्यंत थोपवून धरतो आणि पंचवीस मिनिटांचा गजर लावतो. पहिल्या आठवड्यात गजर बंद करून पुन्हा झोपलो होतो, हे गजर यांनी वाचू नये.

घोरण्याबद्दल पत्नीला विचारले. तिने उत्तर देण्याऐवजी भ्रमणध्वनीवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकवले, ज्यात घोरणे थांबते, बराच वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग एकदम धाप लागल्यासारखा आवाज येतो. हे मुद्रण तिच्याजवळ दोन वर्षांपासून होते. मला वाईट वाटेल म्हणून तिने ते दाखवले नव्हते. झोपेची तपासणी येत्या मंगळवारी रात्री आहे.

गजर

वाचले आहे. तपासणीच्या दिवशी दुपारी झोपू नका आणि दुपारनंतर कॅफिन घेऊ नका, नाहीतर तेथे रात्रभर तारा लावून जागे राहाल. माझे तसे झाले होते.

पाणकोंबडी

वजनांचे दोन दिवस लागोपाठ तर नाहीत ना?

संथवाट (धागाकर्ता)

सोमवार आणि मंगळवार होते. कालपासून सोमवार आणि शुक्रवार केले आहेत.